फ्रेशरचा सॉफ्टवेअर इंटरव्ह्यू: तयारी दुसऱ्या प्रश्नाची करा

कॅम्पसचा सीझन सुरू झाला की प्रत्येक कॉलेजात एक पीडीएफ फिरायला लागते: अमुक कंपनीत विचारलेले टेक्निकल प्रश्न. ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंगमधला फरक, ॲबस्ट्रॅक्ट क्लास की इंटरफेस, दुसऱ्या नंबरचा पगार काढायची क्वेरी, प्रोसेस आणि थ्रेड. पीडीएफ खोटी नसते, हे प्रश्न खरंच विचारतात. पण ती सगळ्यांचीच पाठ असते, त्यामुळे पहिल्या उत्तरावरून समोरच्याला काही कळत नाही. म्हणून तो लगेच विचारतो, "बरं, मग असं झालं तर?" निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. पुण्यात डेव्हलपर म्हणून नोकरी करताना फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घ्यायचं कामही माझ्याकडे येतं, आणि हुशार मुलं या दुसऱ्या प्रश्नावर गप्प झालेली मी सारखी बघतो. हा लेख सांगली, जळगाव, लातूर, रत्नागिरीहून पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी आहे.

आधी दार कुठलं ते बघा

सगळे इंटरव्ह्यू सारखे नसतात आणि तयारीही एकच नसते. हजारोंनी भरती करणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांकडे आधी चाळणी परीक्षा असते. टीसीएसची एनक्यूटी हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. त्या एकाच परीक्षेतल्या कामगिरीवर निंजा, डिजिटल, प्राइम असे वेगवेगळ्या पगाराचे गट ठरतात. तिथे ॲप्टिट्यूड चुकवून चालत नाही. "मला कोडिंग येतं, ॲप्टी कशाला?" म्हणणारी मुलं कोडिंगच्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत. प्रॉडक्ट कंपन्या ॲप्टिट्यूडला फारसं विचारत नाहीत, त्यांचा सगळा भर डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमवर, म्हणजे डीएसएवर. पुण्याच्या बाणेर-खराडीतल्या दहा-वीस माणसांच्या कंपन्यांची तऱ्हा तिसरीच. लॅपटॉप पुढ्यात ठेवतात, "ही एपीआय (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय) लिहून दाखव" म्हणतात आणि चहा प्यायला जातात.

दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के, चालू बॅकलॉग नको, शिक्षणात गॅप नको, असा क्रायटेरिया मोठ्या भरतीत अजूनही सर्रास दिसतो. एटीकेटी लागलेली असेल किंवा डिप्लोमानंतर एखादं वर्ष गेलं असेल तर ते लपवू नका. पडताळणीत ते निघतंच, आणि निघतं तेव्हा ऑफर हातात आलेली असते. तुमचा वेळ लहान कंपन्या, रेफरल आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पीजी-डॅकसारख्या पदव्युत्तर डिप्लोमा कोर्सच्या प्लेसमेंटकडे वळवा. सी-डॅकसाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिची तयारी केली तर सी, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं आपोआप उजळून निघतं.

दुसऱ्यांचे अनुभव वाचायचे कसे

सीनियर्सचे अनुभव जरूर वाचा, पण तीन गोष्टी तपासून: साल कोणतं, पोस्ट कोणती, आणि लिहिणाऱ्याची निवड झाली की नाही. एकाच कंपनीत ट्रेनी आणि डेव्हलपर या दोन पोस्टचे राउंड पूर्ण वेगळे असू शकतात. शिवाय अनुभव लिहितात ती बहुतेक निवड झालेली मुलं. त्यांच्या लेखी सगळं "इझी टू मीडियम" असतं. मला विचाराल तर निवड न झालेल्याशी अर्धा तास बोलणं जास्त कामाचं. त्याला एवढंच विचारा: कुठल्या प्रश्नावर अडकलास आणि त्याच्या आधी काय बोलला होतास? आधीच्याच उत्तरात एखादा शब्द असा निसटलेला असतो, की समोरच्याने तो पकडून पुढचा प्रश्न केलेला असतो.

रेझ्युमे म्हणजे तुम्हीच काढलेली प्रश्नपत्रिका

एक पान. फोटो नको, वडिलांचा व्यवसाय नको, "आय हियरबाय डिक्लेअर" तर नकोच. रेझ्युमेवरच्या प्रत्येक शब्दावर तुम्हाला दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. कॉलेजच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपवरून "मशीन लर्निंग" लिहिलंत, तर ओव्हरफिटिंग म्हणजे काय हा प्रश्न येणार, आणि त्याचं पाठ उत्तर दिलंत की "तुमच्या मॉडेलमध्ये ते होतंय हे कसं ओळखलंत?" हा पुढचा. सी, सी++, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट असं सगळं ओळीने लिहिणाऱ्याला मी विचारतो, "यातली तुमची कुठली?" त्यावर "सगळ्याच" असं उत्तर आलं की खरं उत्तर मला कळलेलं असतं. एक भाषा घट्ट धरा. जावा घेतली असेल तर दोन स्ट्रिंग डबल-इक्वल्सने आणि इक्वल्स मेथडने तपासण्यात फरक काय, स्ट्रिंग बदलता न येणारी का ठेवली, हॅशमॅपमध्ये (की दिली की तिची किंमत लगेच शोधून देणारी रचना) दोन कीजचा हॅश एकच आला तर काय होतं, इतक्या खोलीपर्यंत जा. इतर भाषा "ओळख आहे" या मथळ्याखाली टाका. त्याने कोणी तुम्हाला कमी लेखत नाही.

चॅटजीपीटीकडून रेझ्युमे लिहून घ्यायला हरकत नाही. पण "लिव्हरेज्ड", "स्पिअरहेडेड" असले शब्द त्यात आले असतील तर त्यांचा अर्थ तरी माहीत करून घ्या. एवढं भारदस्त क्रियापद लावून प्रत्यक्षात केलेलं असतं काय, तर एका फॉर्मला व्हॅलिडेशन.

ऑनलाइन टेस्ट

कोडिंगच्या प्रश्नात गोष्ट लांबलचक असते आणि महत्त्वाची ओळ शेवटी, बारीक अक्षरात: इनपुट किती मोठं येऊ शकतं. ती आधी वाचा. ॲरे १ लाखाचा असेल आणि तुम्ही लूपमध्ये लूप घातलात, तर १ लाख गुणिले १ लाख, म्हणजे १,००० कोटी वेळा काम होणार. ढोबळमानाने एका सेकंदात काही कोटी साध्या क्रिया धरल्या तर हे वेळेत बसत नाही. सँपल टेस्ट पास होतात, लपवलेल्या टेस्ट 'टाइम लिमिट' सांगून पडतात आणि मुलं म्हणतात, "माझा कोड बरोबर होता, साइटच खराब." आकड्यांच्या मर्यादाही बघा. ३२ बिटच्या इंटिजरमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, त्यापुढे बेरीज थेट निगेटिव्हमध्ये जाते.

ही मर्यादा पुस्तकी वाटत असेल तर बायनरी सर्च घ्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या ॲरेचे दरवेळी दोन भाग करत शोधणं. खालचं टोक अधिक वरचं टोक, भागिले दोन, असा मधला इंडेक्स सगळेच काढतात. ॲरे प्रचंड मोठा असेल तर त्या बेरजेतच गडबड होते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक वर्षानुवर्षं होती, आणि तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६मध्ये ती जाहीरपणे मांडली. उपाय सोपा आहे: वरच्यातून खालचा वजा करा, त्याचं अर्ध करा आणि ते खालच्यात मिळवा. इंटरव्ह्यूत बायनरी सर्च विचारला आणि तुम्ही मधला इंडेक्स असा काढून कारणही सांगितलंत, तर समोरचा मान वर करून बघतो.

टेस्ट घरून द्यायची असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा. गावी लाइट गेली की राउटरही जातो, तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशीच जोडून बघा. कॅमेऱ्यासमोर मागून कोणी फिरणार नाही असं घरात सांगून ठेवा. दुसऱ्या विंडोत उत्तर शोधणं किंवा शेजारी मित्राला बसवणं या वाटेला जाऊ नका. पुढच्या राउंडला तोच प्रश्न काढून "हे तुम्ही कसं सोडवलंत?" असं विचारायची पद्धत आहे.

टेक्निकल राउंड: एकच प्रश्न जवळून

दुसऱ्या नंबरचा पगार. एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचा, हा प्रश्न एवढा जुना झालाय की आता विचारायलाही संकोच वाटतो, तरी मी विचारतोच. संवाद साधारण असा होतो.

"एम्प्लॉयी टेबल आहे. दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा."

उमेदवार झटक्यात लिहितो: पगारावर उतरता क्रम, पहिली ओळ सोडा, पुढची एक घ्या. लिमिट वन, ऑफसेट वन.

"छान. सगळ्यात जास्त पगार दोघांना सारखाच असेल तर?"

इथे दोन प्रकार होतात. एक जण म्हणतो, "सर, तसं नसतं ना शक्यतो." दुसरा कागदावर तीन ओळींचं टेबल काढतो, ९०, ९०, ७० असे पगार भरतो, आपलीच क्वेरी त्यावर चालवतो आणि म्हणतो, "सर, यात परत ९०च येईल. डिस्टिंक्ट लावायला पाहिजे, म्हणजे सारखे पगार एकदाच मोजले जातील."

"बरं. टेबलात एकच माणूस असेल तर?"

आता उत्तर रिकामं येतं. एकही ओळ मिळत नाही. सगळ्यात मोठ्या पगारापेक्षा लहान असलेल्यांतला सगळ्यात मोठा, असं सबक्वेरीने, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीने, लिहिलं असतं तर नल, म्हणजे 'किंमत नाही', असं आलं असतं. कोणतं बरोबर? जो कोड ही क्वेरी वापरणार त्याला काय हवंय यावर ते ठरतं, आणि उमेदवाराने मला हे उलट विचारलं तर मला फार आवडतं.

"आता प्रत्येक डिपार्टमेंटमधला दुसरा पगार."

इथे ओळींचे डिपार्टमेंटप्रमाणे गट पाडणारं पार्टिशन बाय आणि सारख्या पगारांना एकच नंबर देऊन पुढचा नंबर न सोडणारं डेन्स रँक लागतं. नुसतं रँक वापरलं तर दोन पहिले आल्यावर पुढचा थेट तिसरा होतो, दुसरा नंबर कोणालाच मिळत नाही. मायएसक्यूएलमध्ये ही विंडो फंक्शन्स ८.० या आवृत्तीपासून आली. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर ती कधी वापरूनच बघितलेली नसतात. "सर, मला हे माहीत नाही, पण प्रत्येक डिपार्टमेंटसाठी वेगळी सबक्वेरी लावून बघू का?" असं म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण देणारे पुष्कळ आहेत. मीही देतो.

तयारी करताना पीडीएफमधल्या प्रत्येक प्रश्नापुढे स्वतःच हे चार प्रतिप्रश्न लिहा: इनपुट रिकामं असेल तर? दोन सारखे आले तर? खूप मोठं असेल तर? आणि हेच का, दुसरं का नाही? पन्नास प्रश्न पाठ करण्यापेक्षा पंधरा प्रश्न असे सोलून काढा.

कोड लिहिताना गप्प बसू नका. डोक्यात चाललंय ते बोला, "आधी साधा मार्ग लिहितो, दोन लूपचा, मग सुधारतो." साधा मार्ग लिहायला लाजू नका. ॲरेतल्या कुठल्या दोन संख्यांची बेरीज अमुक येते, या नेहमीच्या प्रश्नात दोन लूपचं उत्तर पूर्ण चालतं. "एकाच फेरीत जमेल का?" असं समोरून आलं की ती सूचना असते, टोमणा नव्हे. आतापर्यंत बघितलेल्या संख्या कुठेतरी साठवल्या तर, असा विचार करत हॅशमॅपपर्यंत पोहोचायचं. हिंट घेतल्याने गुण कमी होतात ही समजूत डोक्यातून काढा. हिंट देऊनही माणूस जागचा हलत नाही, तेव्हा मात्र कमी होतात.

फायनल इयरचा प्रोजेक्ट

चार जणांचा ग्रुप, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, त्यात कोड एकाने लिहिलेला आणि बाकीच्यांनी ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा छापील रिपोर्ट. हे आम्हाला माहीत असतं, आम्हीही याच युनिव्हर्सिट्यांतून आलोय. तुमचा भाग फक्त लॉगिन पेज असेल तर तेवढंच सांगा, पण त्या पेजमागे काय घडतं ते आतून-बाहेरून समजून घ्या. पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवलाय? जसाच्या तसा ठेवला असेल तर इंटरव्ह्यूच्या आधी बदला, बीक्रिप्टसारखं हॅशिंग लावा, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही असं त्याचं रूप साठवा. लायब्ररी तयार असते, एका संध्याकाळचं काम आहे.

मग हमखास येणारा प्रश्न: दोन पेशंटनी एकाच क्षणी एकाच डॉक्टरची एकच वेळ बुक केली तर? "आम्ही आधी चेक करतो, वेळ रिकामी असेल तरच बुक करतो," हे पहिलं उत्तर असतं. पण दोघांचंही चेकिंग एकाच वेळी झालं, दोघांनाही रिकामी दिसली, दोघांचंही बुकिंग झालं, तर? ही गोष्ट नुसत्या कोडमधल्या इफ-कंडिशनने सुटत नाही. डेटाबेसमध्ये डॉक्टर आणि वेळ यांच्या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट घाला, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ नये असा नियम. मग दुसरं बुकिंग डेटाबेसच नाकारतो, आणि ती एरर पकडून "ही वेळ नुकतीच गेली, दुसरी निवडा" असं पेशंटला दाखवायचं. घरी दोन ब्राउझर उघडून करून बघा. जे स्वतः मोडून, दुरुस्त करून बघितलंय त्याबद्दल बोलताना माणसाचा आवाजच वेगळा येतो.

मोंगोडीबी (टेबलांऐवजी डॉक्युमेंट साठवणारा डेटाबेस) का घेतलं, याला "ट्यूटोरियलमध्ये होतं" हे खरं उत्तर असेल तर तेच द्या, आणि पुढे जोडा: "आता करायला घेतला असता तर अपॉइंटमेंटसाठी रिलेशनल, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांचा, डेटाबेस घेतला असता, कारण..." या 'कारण'च्या पुढचं मात्र घरूनच ठरवून जा.

इंग्रजी

मराठी माध्यमातून आलेल्यांची सगळ्यात मोठी धास्ती हीच असते. माझ्या अनुभवात टेक्निकल राउंडमध्ये व्याकरणाचे गुण कोणी कापत नाही. लहान वाक्यं बोला. "फर्स्ट आय चेक. देन आय इन्सर्ट. इफ एरर कम्स, आय शो मेसेज." एवढ्यावर काम भागतं. प्रॅक्टिस मात्र उलट्या क्रमाने करा: आधी उत्तर मराठीत, मित्राला किंवा आईला समजेल असं मोठ्याने सांगा. तिथेच अडखळलात तर घोटाळा समजण्यात आहे, तो भाषेच्या माथी मारू नका. मराठीत सरळ आलं की मग इंग्रजीत सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पुण्यातल्या कंपनीत अगदीच अडलं तर "कॅन आय एक्स्प्लेन धिस पार्ट इन हिंदी?" असं विचारायला हरकत नाही. ग्राहकांशी रोज बोलायच्या पोस्टला हे चालणार नाही, हेही खरं.

सेल्फ-इंट्रोडक्शन मात्र पाठ असलं तरी चालेल. दीड मिनिट: शिक्षण, एक प्रोजेक्ट, एक भाषा. "माय हॉबीज आर लिसनिंग टू म्युझिक" गाळा.

एचआर आणि पॅकेज

एचआरच्या राउंडमध्ये रिलोकेशन आणि शिफ्टबद्दल खरं काय ते सांगा. चेन्नईला जायची तयारी नसताना होकार दिला तर अडचण तुमचीच होते.

पॅकेजचं गणित समजून घ्या. समजा ऑफर ४ लाखांची आहे आणि त्यात बेसिक वर्षाला २ लाख. व्हेरिएबल, म्हणजे दरमहा न मिळणारा, कामगिरीवर ठरणारा भाग, ४० हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ९,६२०. विमा धरू ६ हजार. हे सगळं ४ लाखांतच मोजलेलं असतं. उरतात ३,२२,७८०, म्हणजे महिन्याला २६,९००च्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० जातो, फेब्रुवारीत ३००. हातात पडतात साधारण २५ हजार. हिंजवडीत रूमचं भाडं, डिपॉझिट आणि मेस याच्या बाहेर जात असेल, तर घरी आधीच बोलून ठेवा. पहिला पगार व्हायच्या आधी डिपॉझिट भरायचं असतं.

बाँड असेल तर पूर्ण वाचा. "बाँडला कायद्यात काही अर्थ नसतो" असं सीनियर्स ठासून सांगतात. ते तितकंसं खरं नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये तीन वर्षं नोकरीची अट आणि ती मोडल्यास २ लाखांची भरपाई वैध धरली. ती सार्वजनिक बँक होती आणि प्रत्येक बाँड त्याच मापाने मोजला जाईल असं नाही, पण सही करताना रक्कम आणि मुदत डोळ्यांखालून घाला. मूळ मार्कशीट कोणी ठेवून घेत असेल तर देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या.

पैसे मागितले की उठा

नोकरी लावून देतो, आधी रजिस्ट्रेशन किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, असा फोन आला तर तिथेच संपवा. मोठ्या कंपन्या भरतीसाठी पैसे घेत नाहीत, तसं त्यांनी आपापल्या साइटवर लिहूनही ठेवलंय. ऑफर जीमेलच्या पत्त्यावरून आली असेल तर कंपनीच्या साइटवरून नंबर काढून खात्री करा. आणखी एक सापळा म्हणजे खोटा अनुभव: दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर आणि पगाराच्या स्लिपा विकणारी 'कन्सल्टन्सी'. पीएफच्या यूएएन (प्रत्येकाचा नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) खात्यात तुम्ही कुठे, कधीपासून नोकरीला होता ते दिसतं. पडताळणीवाले ते बघतात, आणि नोकरी लागून सहा महिने झाल्यावर निघालं तरी घरी पाठवतात.

कागदपत्रं आजच काढून बघा

बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, आणि डिग्रीवर "श्री"च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. महाराष्ट्रातल्या मुलांचं जॉइनिंग यावर अडलेलं मी बघितलंय. नुसता क्रम वेगळा असेल तर बहुधा चालून जातं, एचआरला मेलवर कळवून ठेवा. स्पेलिंग वेगळं असेल तर आधार आणि पॅन दोन्ही मार्कशीटप्रमाणे दुरुस्त करून घ्या, कारण पीएफचं खातं आधारवरच्या नावाने निघतं. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं, तेव्हा अर्ज करायला ऑफर लेटरची वाट बघू नका.